जुना रेंजफाइंडर फिल्म कॅमेरा घेताय? टॉर्च सोबत न्या
गोव्यातल्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते, म्हणून बॉडीच्या चकाकीआधी काच तपासा. मागचं झाकण उघडा, अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडून शटर 'बी'वर, म्हणजे दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणाऱ्या सेटिंगवर, दाबून धरा आणि मोबाइलचा टॉर्च मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

मग पणजीतल्या कांपालहून मांडवीपलीकडच्या रेईश मागूश किल्ल्यावर कॅमेरा रोखा. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करतात. फोकस अनंतावर असताना व्ह्यूफाइंडरमधल्या मधल्या चौकटीतल्या दोन्ही प्रतिमा तंतोतंत जुळायलाच हव्यात.

पहिला कॅमेरा म्हणून मी कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ सुचवेन. ४० मिमीची एफ/१.७ लेन्स, आणि मॅन्युअलवर शटर बॅटरीविना चालतं. यशिका इलेक्ट्रो ३५चं शटर मात्र बॅटरी संपली की १/५०० सेकंदावरच अडतं. झाकणाच्या कडेचा, प्रकाश अडवणारा फोम चिकट झाला असेल तर काळजी नको, तो सहज बदलता येतो.