वीस मिनिटं मांडी घालून बसायचं कसं

पतंजलींच्या योगसूत्रांत पाठभेदानुसार 195 किंवा 196 सूत्रं आहेत आणि आसनाविषयी थेट बोलणारी त्यांतली जेमतेम तीन. शीर्षासन नाही, सूर्यनमस्कार तर नाहीतच. ‘स्थिरसुखमासनम्’: बैठक स्थिर हवी आणि सुखाचीही हवी. योग म्हणजे चित्तवृत्तींचा निरोध, म्हणजे मनाची धावाधाव थांबवणं, हे दुसऱ्याच सूत्रात सांगून झालेलं असतं. पण गुडघा ठणकत असेल तर चित्त गुडघ्यातच अडकतं. म्हणून आधी बैठक जमवायची.

जेवून तीन तास झालेले असावेत, नाहीतर डुलकी ठरलेली. खाली सतरंजी घाला. डिसेंबरात पुण्यातली शहाबादी फरशी चांगलीच गारठते. तिच्यावर जाड सोलापुरी चादर चार बोटं उंच होईल इतक्या घड्या करून ठेवा. घडीच्या मधोमध नको, पुढच्या काठावर बसा आणि साधी मांडी घाला. पद्मासनाचा हट्ट नको.

आता कमरेवर मागून तळवा ठेवून बघा. मणके माळेतल्या मण्यांसारखे बोटांना टोचले, तर कंबर खचली आहे. मांड्यांचे मागचे स्नायू आणि खुबे आखडलेले असले की बैठकीची हाडं मागे कलंडतात, पाठीला पोक येतं आणि श्वास वरवरचा होतो. अशा वेळी छाती ताणून उपयोग नाही, आणखी एक घडी वाढवा. गुडघे खुब्यांच्या खाली यायला हवेत. अधांतरी राहिले तर दोन्हींखाली टॉवेलच्या गुंडाळ्या द्या.

आधार घ्यायला लाजू नये. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आसनांची यादी आहे, तीत ‘सोपाश्रय’ म्हणजे आधारासहित बसण्याचंही आसन आहे. 1937 साली पुण्यात आलेल्या योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगारांनी घोंगड्या, ठोकळे, दोर यांचं अख्खं शास्त्रच उभं केलं. तेव्हा भिंतीला पाठ टेकली म्हणून योग उणा होत नाही. गुडघ्यात कळ येत असेल तर सरळ खुर्ची घ्या, पावलं मात्र जमिनीला पूर्ण टेकलेली हवीत.

पहिला आठवडा पाच मिनिटं पुरे. मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवत वीसपर्यंत जा. रोज मांडी बदला. काल डावा पाय पुढे असेल तर आज उजवा. पायाला मुंग्या आल्या तर नस दबते आहे, सहन करत बसू नका, पाय मोकळा करा. बधिर पायावर एकदम उभं राहिलं तर मात्र पडायला होतं.

बैठक स्थिरावल्यावर पुढचं सूत्र कामाला येतं: प्रयत्नशैथिल्य, म्हणजे लावलेला जोर सैल सोडणं. जबडा, जीभ, खांदे, तळहात या क्रमानं ढिले सोडा. श्वास रोखू नका, नुसता नाकपुडीशी जाणवू द्या. रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजेल, शेजारचा कुकर शिट्ट्या देईल. त्यांच्याशी भांडत बसायचं नाही, ऐकू आलं की पुन्हा नाकपुडीशी यायचं. मन शंभरदा गेलं तर शंभरदा.

हनुवटी छातीकडे घसरली तर झोप येते आहे. डोळे अर्धे उघडून समोर हातभर अंतरावर जमिनीवर टेकवा. श्वास धापेचा होत असेल तर पाठ अजून जोर लावून धरली आहे. प्राणायाम इतक्यात नको. सूत्रांत तो ‘तस्मिन् सति’ म्हणजे आसन साधल्यावर येतो. वीस मिनिटं न हलता, न कण्हता जायला लागली की त्याला हात घाला, तोही शिक्षकासमोर.