व्हीएमची (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरची) मेमरी कायम फुल दिसतेय? रॅम घ्यायच्या आधी हे बघा
आपल्याकडे रत्नागिरी-चिपळूण साइडला आंबा पॅकिंगवाले, मालवणकडचे हॉटेलवाले, बरेच जण एकाच सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवायची सोय) टाकून बिलिंग आणि बुकिंगचे वेगळे व्हीएम चालवतात, आणि ऐन एप्रिल-मे सीझनला व्हीएम मॅनेजर प्रोग्रामच्या ग्राफमधे मेमरी फुल दिसली की लगेच रॅमची ऑर्डर देतात. थांबा जरा. तो आकडा बऱ्याचदा होस्टच्या (मूळ सर्व्हरच्या) बाजूचा असतो, म्हणजे गेस्टने (आतल्या व्हीएमने) एकदा हात लावलेली सगळी मेमरी, त्यात फाइल कॅशे (वाचलेल्या फाइल्सची मेमरीत ठेवलेली प्रत) सुद्धा आली, आणि गेस्टने आत मोकळी केली तरी होस्टला ती आपोआप परत मिळत नाही.

आतलं खरं चित्र व्हर्टआयओ बलून ड्रायव्हर (गेस्टमधे बसून मेमरीचे आकडे होस्टला कळवणारा ड्रायव्हर) सांगतो. लिनक्स गेस्टमधे तो बहुतेक असतोच, विंडोजमधे मात्र व्हर्टआयओच्या आयएसओमधून (ड्रायव्हरच्या डिस्क फाइलमधून) ड्रायव्हर आणि बलून सर्व्हिस दोन्ही टाकावी लागते, आणि नेमकं हेच राहून जातं. मग होस्टवर वर्श डॉममेमस्टॅट (virsh dommemstat) कमांड व्हीएमचं नाव आणि पिरियड 10 (--period 10) देऊन चालवा, म्हणजे दर 10 सेकंदांनी आकडे ताजे होतील. पिरियड शून्य असेल तर जुनेच आकडे दिसत राहतात, म्हणून लास्ट अपडेट (last_update) ही ओळ बदलतेय ना ते आधी बघा.

मेमरीचे आकडे केआयबीमधे (1 केआयबी म्हणजे 1024 बाइट) येतात. अनयूज्ड (unused, अगदी रिकामी मेमरी) कमी दिसला म्हणून घाबरू नका हो, लिनक्स मोकळी मेमरी कॅशेला वापरतोच, यूजेबल (usable, गरज पडली तर वापरता येईल ती मेमरी) बघा. तो सतत तळाला असेल आणि स्वॅप आउट (swap_out, मेमरीतून डिस्कवर हलवलेला डेटा) वाढत असेल तरच रॅम घ्या.