पेटंटसाठी वकिलाला द्यायला पैसे नाहीत? मग हे वाचा

माझं वसमतला वेल्डिंगचं दुकान आहे, हळद शिजवायचे कुकर बनवतो. एका हंगामात दोन ड्रमच्या मधे पाइप आणि कॉक टाकून बघितला. एका ड्रममधली हळद शिजली की उरलेली वाफ बाहेर न सोडता दुसऱ्या ड्रममधल्या कच्च्या हळदीत जायची. सरपण कमी लागायला लागलं. त्या आनंदात मी कुकर एका कृषी प्रदर्शनात मांडला. लोकांनी व्हिडिओ काढले, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवले. पुढच्या हंगामात तसाच कुकर दुसऱ्याच्या दुकानात उभा!

पेटंटचं विचारायला गेलो तेव्हा कळलं, की वस्तू मीच जगजाहीर केली होती, त्यामुळं कायद्याच्या नजरेत ती नवी राहिली नव्हती. प्रदर्शनात दाखवल्यावरही 12 महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, पण ते प्रदर्शन सरकारनं राजपत्रात जाहीर केलेलं असावं लागतं. आमचं तसलं नव्हतं. आजही ते आठवलं की जीव हळहळतो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय: अर्ज जाईपर्यंत कुणाला फोटोसुद्धा काढू देऊ नका.

आता वही घ्या. ‘पाइप जोडला’ एवढं लिहून भागत नाही. पाइप किती इंची, ड्रमला वरून जोडला की खालून, कॉक कधी उघडायचा, किती क्विंटल हळदीला आधी किती सरपण आणि किती वेळ लागायचा, आता किती लागतो, हे सगळं तारीख टाकून लिहा. हाताने आकृती काढा, भागांना नंबर द्या. ही वही पुढं प्रत्येक ठिकाणी लागते. शेती करण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, अवजाराला मिळू शकतं. जुन्या दोन वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या आणि दोन्ही आपापलं जुनंच काम करत राहिल्या, तरी मिळत नाही. म्हणून दोन्ही मिळून नवीन काय घडतं, ते ठळक लिहा.

तुम्ही शेतकरी, मिस्त्री, कारागीर असाल आणि वस्तू स्वतःच्या डोक्यानं, कुणा कंपनीच्या मदतीशिवाय केली असेल, तर गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानकडं माहिती पाठवा. सगळे त्याला एनआयएफ म्हणतात. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही संस्था 2000 साली सुरू झाली. असं आधी कुणी केलंय का ते तिथले लोक तपासतात आणि निवड झाली तर पेटंटचा अर्ज तुमच्या नावानं, पण संस्थेच्या खर्चानं करतात. एक संमतीपत्र भरून घेतात. ते घाईत भरू नका, घरात कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. कुठली माहिती कुणाला द्यायची, हे तुम्ही त्यातच सांगायचं असतं.

निवड झाली नाही तरी स्वतः अर्ज करता येतो, वकील सक्तीचा नाही. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिलला आहे. एकट्या माणसाला ऑनलाइन फी 1600 रुपये, कागदावर 1750. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका म्हणजे तारीख तुमच्या नावावर लागते. पूर्ण तपशील त्या तारखेपासून 12 महिन्यांच्या आत गेलाच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. तपासणीची फी वेगळी, ऑनलाइन 4000 रुपये.

कोर्टातली मोफत मदत कुठं कामाला येते? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन 15100. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि आणखी काही गटांना तिथं उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असावं लागतं. पेटंटचा मसुदा ही मंडळी लिहून देतील असं धरू नका. पण एखादा व्यापारी ‘तुमचं यंत्र आम्ही बनवतो, इथं सही करा’ म्हणाला, तर तो कागद घेऊन आधी तिथं जा. आमच्या ओळखीतल्या एक ताई अशाच गेल्या होत्या. वकिलांनी तिसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: सगळे हक्क कायमचे समोरच्याला. ताईंनी ती ओळ काढायला लावली, मगच सही केली.