व्हीएकडे पुढचा डिसॅबिलिटी क्लेम: आता करावा की थांबावं?

अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला एकदा व्हीएचं, म्हणजे तिथल्या माजी सैनिक खात्याचं, रेटिंग (सेवेमुळे आलेल्या आजार-दुखापतीची टक्केवारी, जिच्यावर दरमहाचे पैसे ठरतात) मिळालं की घरात दोन मतं पडतात. बायको म्हणते, गुडघा वाढलाय, रात्री झोप नाही, आणखी क्लेम टाका. जुना सोबती म्हणतो, आहे त्याला हात लावू नकोस, फाइल उघडली तर आहे तेही कमी करतील. अमेरिकेतल्या मराठी घरांतूनही आता मुलंमुली सैन्यात जाऊन आली आहेत आणि हा वाद त्यांच्याही जेवणाच्या टेबलावर पोचला आहे. माझं मत स्पष्ट आहे: भीतीपोटी हक्काचा क्लेम न करणारे लोक फार आहेत आणि त्यात त्यांचं मोठं नुकसान होतं. पण क्लेम टाकण्याआधी चार गोष्टी तपासायलाच हव्यात.

आधी तारीख धरून ठेवा

आजार कितीही जुना असला, तरी पैसे बहुतेक वेळा क्लेम व्हीएकडे पोचल्याच्या तारखेपासूनच सुरू होतात. म्हणून करावं की नाही हे ठरायच्या आधीच ‘इंटेंट टू फाइल’, म्हणजे क्लेम करणार असल्याची आगाऊ सूचना, देऊन टाका. फॉर्म २१-०९६६ भरून, फोनवरून किंवा ऑनलाइन ते देता येतं. त्या दिवसापासून पूर्ण क्लेम द्यायला एक वर्ष मिळतं आणि मंजुरी मिळाली तर त्याच तारखेपासूनची थकबाकी मिळू शकते. एवढ्यावरून कोणी तपासणीला बोलावत नाही, जुन्या रेटिंगलाही धक्का लागत नाही. वर्षभर शांतपणे कागद जमवा.

मात्र पूर्ण क्लेम दाखल झाला की तो इंटेंट वापरला गेला. म्हणून अर्धी यादी घाईने पाठवू नका.

नोकरी सुटून वर्ष झालं नसेल, तर विचार करत बसू नका. वर्षाच्या आत क्लेम केला तर हक्क सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासून धरला जातो. अजून गणवेशात असाल तर सुटकेच्या १८० ते ९० दिवस आधीच क्लेम देता येतो.

हा नेमका कोणता क्लेम आहे?

इथे गोंधळ फार होतो. सेवेशी जोडलेलाच आजार बळावला असेल तर तो वाढीचा क्लेम. वाढ कागदोपत्री दिसत असेल आणि तुम्ही वर्षाच्या आत अर्ज केलात, तर पैसे वाढ झाल्याच्या तारखेपर्यंत मागे जाऊ शकतात. डॉक्टरांच्या नोंदीत ‘बळावलं’ असं आल्यावर दोन-तीन वर्षं गप्प बसलात, तर मधला काळ गेला.

मंजूर आजारामुळे दुसरा झाला असेल तर तो सेकंडरी क्लेम. डाव्या गुडघ्याला जपत चालल्याने कंबर गेली, मधुमेहामुळे पायांच्या नसा बधिर झाल्या, वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडलं, हे सगळं यात बसतं. हा प्रकार लोक सर्वांत जास्त विसरतात. माझ्या मते पुढच्या क्लेमचा शोध इथूनच सुरू करावा, कारण सेवेशी संबंध पहिल्या आजाराने आधीच सिद्ध केलेला असतो. फक्त पहिल्यापासून दुसरा झाला एवढं डॉक्टरांनी लिहून द्यायचं असतं. ‘किमान निम्मी शक्यता आहे’ इतकं मतही पुरतं, पण त्यामागचं कारण लिहिलेलं हवं.

आधी नामंजूर झालेला आजार नव्या क्लेमच्या फॉर्मवर पुन्हा टाकू नका. त्यासाठी नवा आणि संबंधित पुरावा जोडून सप्लिमेंटल क्लेम, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी किंवा व्हीएच्या अपील बोर्डाकडे अपील, असे तीन मार्ग आहेत. निकालाच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत यांपैकी काही केलं तर मूळ तारीख टिकते.

१० ऑगस्ट २०२२ रोजी पॅक्ट कायदा झाला. इराक-अफगाणिस्तानातल्या कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर आणि व्हिएतनाम युद्धात फवारलेलं एजंट ऑरेंज हे झाडपाला मारणारं रसायन यांच्याशी जोडलेले अनेक आजार त्याने ‘गृहीत’ यादीत आणले. तिथे नोकरी केली होती आणि आजार यादीत आहे, एवढं दाखवलं की संबंध वेगळा सिद्ध करावा लागत नाही. या कायद्याआधी नकार मिळालेला असेल तर तो कागद पुन्हा बाहेर काढाच.

आकडेमोड करून बघा

व्हीएची बेरीज शाळेतल्यासारखी नसते. ५० आणि ३० टक्के मिळून ८० होत नाहीत. पन्नास गेल्यावर माणसाची क्षमता ५० उरली, तिचे ३० टक्के म्हणजे १५, एकूण ६५, आणि जवळच्या दहावर नेऊन ७०.

यातली मेख अशी की पत्रावर ७० दिसत असले तरी आतला आकडा वेगळा असतो. एकाच आजाराचे नेमके ७० असतील आणि नवे १० मिळाले, तर ७३ होतात, म्हणजे पुन्हा ७०च. हातात एक पैसाही वाढत नाही. पण ६०, २०, २० असे तीन आजार असतील तर आतला आकडा ७४ असतो. त्यात तेच १० मिळाले की ७७, म्हणजे ८०. म्हणून निकालाच्या पत्रातले सुटे आकडे घ्या आणि मोठ्यापासून सुरुवात करून स्वतः मांडा. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय बाधित असतील तर थोडी जादा भर मिळते, तीही धरा.

३० टक्क्यांची पायरी विशेष महत्त्वाची. तिथपासून जोडीदार, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी वेगळी रक्कम मिळते. मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांच्या घरांनी हे जरूर बघावं. पालकांच्या उत्पन्नाची अट मात्र आहे.

आजारांमुळे नोकरीच टिकत नसेल तर टक्के मोजत बसू नका. एक आजार ६०चा असेल, किंवा एकूण ७० आणि त्यातला एक ४०चा असेल, तर १०० टक्क्यांच्या दराने पैसे मागता येतात. फॉर्म २१-८९४०.

कमी होण्याची भीती किती खरी?

वाढ मागितली की त्या आजाराची तपासणी होते, आणि सुधारणा दिसली तर रेटिंग उतरू शकतं. हे खरं आहे. पण पैसे कमी करण्याआधी व्हीएला पत्र पाठवावं लागतं आणि पुरावा द्यायला ६० दिवस मिळतात. रेटिंग पाच वर्षं टिकलं असेल तर एका तपासणीवर ते उतरवता येत नाही, टिकाऊ सुधारणा दाखवावी लागते. दहा वर्षांनंतर सेवेशी जोडलेला संबंध, आणि वीस वर्षांनंतर ते टक्के, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय काढता येत नाहीत. म्हणजे रेटिंगला साडेचार वर्षं झालेलं आणि खरोखरच थोडं बरं वाटत असलेलं दुखणं असेल तर थांबा. दुखणं वाढलेलं असेल आणि नोंदी तसं बोलत असतील तर थांबायचं कारण नाही.

कायमचे १०० टक्के आधीच असतील तर पुढचा क्लेम ठोस कारण असेल तरच करावा. एकाच आजाराचे १०० आणि वेगळे ६० असतील तर मिळणारा विशेष भत्ता हे असं एक कारण.

मग तपासणी

व्हीएची तपासणी चुकवू नका. वाढीच्या क्लेममध्ये योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर क्लेम नामंजूर होतो. आपल्याकडे डॉक्टरांनी ‘कसं काय?’ विचारलं की ‘ठीक आहे’ म्हणायची सवय असते. तिथे ती सोडा. वाईट दिवस किती येतात, त्या दिवशी जिना चढता येतो का, कामावर खाडे किती होतात, हे जसं आहे तसं सांगा. घरच्यांनी बघितलेलं त्यांनी स्वतः फॉर्म २१-१०२१० वर लिहून द्यावं.

क्लेम भरायला कोणालाही पैसे देऊ नका. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त अधिकारी हे काम फुकट करतात. मान्यताप्राप्त वकिलालाही पहिल्या निकालाआधी फी घेता येत नाही. वाढलेल्या मासिक रकमेच्या कित्येक पट मागणाऱ्या खासगी कंपन्या फोन करतील. समोरचा व्हीएच्या मान्यता यादीत आहे का हे व्हीएच्या संकेतस्थळावर बघा, आणि नसेल तर त्याला बँक खात्याचा तपशील किंवा लॉग-इन देऊ नका.