कायद्यातली जपानी विशेषणं शिकायला बसताय? आधी हे बघून घ्या

कांजी, डिक्शनरी, वही हे असेलच, त्यावर बोलत नाही. एन-टू (जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेची दुसरी सर्वात कठीण पातळी) झालं नसेल तर मात्र थांबा, कायद्याचं एकेक वाक्य चार-पाच ओळी चालतं आणि क्रियापद पार शेवटी येतं, दम लागतो.

आता मुख्य गोष्ट. विशेषण एकटं पाठ करायचं नाही, पुढच्या नामासकटच वहीत उतरवायचं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं माझं, नुसती यादी घोटली आणि खरा करार समोर आल्यावर त्यातलं काही कामाला आलं नाही. 'सेइतो ना' नको, 'सेइतो ना रियू' लिहा, म्हणजे रास्त कारण. 'जूदाइ ना' नको, 'जूदाइ ना काशित्सु', गंभीर हलगर्जीपणा. 'यामु ओ एनाइ' तर 'जियू'शिवाय लिहूच नका, कारण ठराविक मुदतीच्या नोकरीतून मालक मधेच काढायला निघाला की सगळं ह्या 'नाइलाजाच्या कारणा'वरच येऊन अडतं.

नाम लिहा म्हणून इतकं का ओरडतेय, तर हे बघा. मिंपो म्हणजे जपानचा सिव्हिल कोड, त्याच्या कलम 90 मध्ये 'झेनर्यो नो फूझोकु' (चांगले रीतिरिवाज) आहे आणि कलम 644 मध्ये 'झेनर्यो ना कानरिशा' (चांगला व्यवस्थापक). विशेषण तेच, पण नामाशी जोडणारा शब्द एकीकडे नो, एकीकडे ना! नियम शोधत बसू नका, जोडी पाठ करा. परत सांगते, जोडी.

बोलण्यातला अर्थ डोक्यातून काढा. 'सोतो' म्हणजे 'बरंच' असं आपल्याला वाटतं, पण कलम 541 मधलं 'सोतो नो किकान' म्हणजे बराच काळ नव्हे, वाजवी मुदत. समोरचा करार पाळत नसेल तर आधी त्याला ही मुदत द्यायची, तरी नाही पाळला तर करार रद्द करता येतो. त्याच कलमात पुढे 'केइबि' येतं, किरकोळ: मुदत संपल्यावर राहिलेली चूक किरकोळ असेल तर रद्द करता येत नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेली दुरुस्ती आहे ही, त्यामुळे जुनी पुस्तकं वापरू नका.

बाकी 'इचिजिरुशिइ' (लक्षणीय), 'तेकिसेइ ना' (योग्य), 'फुतो ना' (अनुचित) हळूहळू होतील. तादाचिनि (ताबडतोब), सुमियाकानि (लवकरात लवकर), चिताइनाकु (विलंब न करता) ही विशेषणं नाहीत पण सोबत करून टाका, घाई ह्याच क्रमाने कमी होते. कलमं ई-गव्ह ह्या जपान सरकारच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. आणि नाम लिहा.