रिव्हिजन हिपमध्ये नेव्हिगेशन: या चुका टाळा

जुना कृत्रिम खुबा बदलताना (रिव्हिजन) कॉम्प्युटर कपचे, म्हणजे खुब्याच्या वाटीचे, कोन दाखवतो; हेच नेव्हिगेशन. स्क्रीनवर इन्क्लिनेशन (वाटीचा बाजूचा कल) ४०, अँटिव्हर्जन (पुढचा कल) १५ अंश दिसलं की लगेच कप ठोकू नका. तुम्ही पॉइंटर जिथे टेकवला, तिथूनच कॉम्प्युटर कोन काढतो. रिव्हिजनमध्ये नेमके तेच बिंदू दगा देतात.

सगळ्यात महागात पडते ती प्युबिसवरची (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडावरची) चूक. पेशंट जाड, पोट खाली उतरलेलं. पॉइंटर कातडीवर अलगद टेकवला आणि बिंदू हाडाच्या एक सेंटिमीटर पुढे नोंदला गेला. पेल्व्हिसचं (कटिभागाच्या हाडांचं) प्रतल, ज्यावरून कोन मोजतात, ते साधारण सहा अंशांनी कललं. आता कप खरोखर १५ वर असताना स्क्रीन १० दाखवते. सर्जन तो आणखी पाच अंश वळवतो. ॲबडक्टर (पाय बाजूला नेणारे स्नायू) आधीच दुबळे, त्यात पेशंटने उभ्याने पाय मागे नेऊन बाहेर वळवला की सांधा पुढून निसटू शकतो. म्हणून हाड लागेपर्यंत दाबा, दोन्ही प्युबिक ट्यूबरकल (प्युबिसवरचे उंचवटे) दोनदा घ्या, आणि तेही पेशंट उताणा असतानाच. आधी ट्रॅकरच्या (कॉम्प्युटरला हाडाची जागा कळवणाऱ्या खुणेच्या) पिना, मग रजिस्ट्रेशन (बिंदू नोंदणं), मग कुशीवर. पुन्हा ड्रेप घालावा लागतो, वेळ जातो, जाऊ द्या. कुशीवर वळवल्यावर खालचा एएसआयएस (कमरेच्या हाडाचं पुढचं टोक) चादरीतून चाचपडून घ्यायचा शॉर्टकट अजिबात मान्य नाही.

जुन्या कपच्या कडेवरून सांध्याचं केंद्र काढू नका. सैल कप बहुधा वर सरकलेला असतो. दुसरा हिप चांगला असेल तर त्यावरून मोजा, एक्स-रेत मापासाठी २५ मिमीचा बॉल ठेवून.

ठिसूळ हाडात एका पिनेवर ट्रॅकर लावू नका, दोन घाला. जुना कप काढताना घाव बसतात, असिस्टंटचा कोपर लागतो. कप निघाला की चेकपॉइंटला (आधी नोंदून ठेवलेल्या खुणेला) पॉइंटर लावा. दोन मिमीपेक्षा जास्त फरक आला तर ते आकडे सोडा आणि सी-आर्म (ऑपरेशनमधलं एक्स-रे यंत्र) मागवा.

स्क्रू आवळताना कप फिरतो. शेवटचं रीडिंग त्यानंतरच.

अँटिव्हर्जनच्या तीन व्याख्या आहेत; सॉफ्टवेअर त्यांतला कुठला कोन दाखवतंय ते बघा. इन्क्लिनेशन ४० असताना रेडिओग्राफिक १५ म्हणजे ऑपरेटिव्ह १९ आणि ॲनाटॉमिकल जवळपास २३.

कंबरेच्या मणक्यात रॉड-स्क्रू असतील तर पेल्व्हिस नेहमीसारखी कलत नाही, म्हणून उभ्याने आणि बसून लॅटरल एक्स-रे आधीच काढा. पेल्व्हिस एक अंश मागे कलली की अँटिव्हर्जन सुमारे ०.७ अंशाने वाढतं.

सोलापूर-साताऱ्याहून पुण्यात येणारे पेशंट पिशवीभर जुन्या फिल्म आणतात, पण इम्प्लांटचे स्टिकर घरच्या फाइलमध्येच राहतात. ॲडमिशनआधी नातेवाइकांकडून त्यांचा फोटो मागवा. स्टेम (मांडीच्या हाडातला दांडा) ठेवायचा असेल तर टेपर (दांड्याच्या निमुळत्या टोकाचं माप) कळायलाच हवा, नाहीतर नवा हेड (गोळा) बसणार नाही.