पुस्तक नेताना एक कोरी वहीही घ्या

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं पुस्तकांची देवघेव करतेय. काउंटरपाशी येऊन "जातीवर, अन्यायावर वाचायचंय, कुठून सुरुवात करू?" असं विचारणारे वर्षाला पाच-सहा जण तरी भेटतात. त्यांना उभ्याउभ्या जे सांगते, ते आज जरा बसून लिहिते.

पहिल्यांदा जाडजूड पुस्तक नेऊ नका. मुक्ता साळवेचा निबंध वाचा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातल्या या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला हा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. चार-पाच पानांचा ऐवज. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्हाला धर्मच नाही म्हणायचं का, असं ती देवालाच सरळ विचारते. चहा निवायच्या आत वाचून होतो आणि नंतर आठवडाभर डोक्यातून जात नाही.

त्यानंतर दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं'. हे 1978 साली आलं. यातला सुशिक्षित दया पवार आपल्याच जुन्या रूपाशी, दगडू मारुती पवारशी, बोलतो. ही रचना लक्षात ठेवून वाचा, म्हणजे कुठे कोण बोलतंय ते कळतं. आणि हे पुस्तक कादंबरीसारखं रात्रीत संपवू नका. एकदा एक बाई शनिवारी नेऊन सोमवारी परत घेऊन आल्या, म्हणाल्या, "रडू आलं हो फार." मी शिक्का मारला आणि दुसऱ्यांदा तेच पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

आता वहीचं. डाव्या पानावर न कळलेला शब्द लिहायचा: येसकर, तराळ, वतन, जोहार, बावन्न हक्क. उजव्या पानावर अर्थ नाही लिहायचा. हा शब्द गावात वापरला जात होता तेव्हा आपल्या घरातलं माणूस कुठे उभं होतं, ते लिहायचं. माझ्या वहीत 'येसकर' या शब्दासमोरचं पान दोन महिने कोरं होतं. येसकर म्हणजे गावकीची पाळी असलेला महार, हातात घुंगराची काठी घेऊन सांगितलेलं काम करत दिवसभर राबणारा, संध्याकाळी घरोघर भाकरी मागणारा, हे मला पाठ होतं. पण माझं माहेर कुलकर्णी वतनाचं. म्हणजे चावडीवर दप्तर मांडून बसायचा तो माझा पणजोबा, आणि "येसकराला बोलवा रे" हे फर्मान सुटायचं ते त्याच्याच बैठकीतून. आमच्या घरी पणजोबांच्या मोडी अक्षराचं कौतुक चालायचं, त्या हाकेचा विषय कधी निघाला नाही. ते एक वाक्य उजव्या पानावर लिहिताना मला जेवढं जड गेलं, तेवढं अख्खं 'बलुतं' वाचतानाही गेलं नव्हतं. महार वतनं 1958 च्या कायद्याने गेली. फार लांबची गोष्ट नाही ही.

तुमचं घर कुलकर्ण्यांचं नसेल. पाटलाचं असेल, वाण्याचं असेल, गावकीशी काही संबंध नसलेलं शहरी असेल. मग तसं लिहा. तुम्ही दगडूच्याच बाजूचे असाल तर ही वही तुम्हाला नको, तुम्हाला मी काय शिकवणार?

बायकांची पुस्तकं वेगळी वाचा. बेबीताई कांबळे फलटणच्या. किराणा दुकानात बसल्याबसल्या पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचत वाचत त्या लिहित्या झाल्या, आणि कागद घरच्यांपासून लपवून ठेवत. 'जिणं आमुचं' हे त्याच कागदांचं पुस्तक. त्यात 'मी' कमी, 'आम्ही' जास्त. गावाने महारवाड्यावर काय लादलं ते त्यात आहेच, पण घरातल्या पुरुषांनी सुनांचं काय केलं तेही त्या झाकत नाहीत. पुरुषांची आत्मचरित्रं वाचून बनवलेलं चित्र इथे अर्धं पुसावं लागतं.

गुलामगिरीवरची अमेरिकन पुस्तकं मी मुद्दाम यानंतर देते. आधी दिली की वाचणाऱ्याला बरं वाटतं. अत्याचार करणारा गोरा, सोसणारा काळा, आपण मधल्यामध्ये सुटलो. घरचं वाचून झाल्यावर, स्वतः गुलामगिरीत वाढलेल्या फ्रेडरिक डग्लसचं 1845 चं आत्मकथन घ्या. मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर मालकाने ती बंद पाडली. मग बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्या बदल्यात हा वाचायला शिकला. हे वाचून पुन्हा बेबीताईंच्या रद्दीकडे या. ही जोडी काही माझ्या डोक्यातून निघालेली नाही. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत द बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावच तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून.

मात्र जात आणि वंश एकच, असं समजून बसू नका. 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने रद्द केलेलं आणि बाबासाहेबांनी स्वतः छापलेलं जातिनिर्मूलनाचं भाषण वाचा. पंजाबी ब्राह्मण आणि पंजाबी चांभार वंशाने एकच, असं त्यात स्वच्छ आहे. मग भेद कशाचा, ते पुढे वाचा.

कथा-कवितांसोबत एखादं कोरडं प्रकरणही तारखा मांडून वाचा. मी महाड सुचवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 ला. महाड नगरपालिकेचा तसा ठराव 1924 ला. दलितांनी प्रत्यक्षात महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते 20 मार्च 1927 ला, आणि त्यासाठी मार खाल्ला. हायकोर्टाचा दलितांच्या बाजूचा निकाल 1937 ला. चार ओळी वहीत एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक दोन ओळींमधल्या वर्षांत तळ्यावर काय चाललं असेल, ते विचार करून बघा.

एक चूक मी केली, ती करू नका. शरणकुमार लिंबाळेंचं आत्मकथन 'अक्करमाशी' वाचून झाल्यावर भारावून मी आमच्या इथल्या एका सहकाऱ्याला विचारलं, "तुमच्याकडेही असंच होतं का हो?" तो पुस्तकांना कव्हरं घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मॅडम, त्यांनी लिहिलंय ना सगळं? मग परत माझ्याकडनं कशाला?" त्यानंतर बरेच दिवस आम्ही फक्त कामाचं बोललो.

आमच्या 'बलुतं'च्या प्रतीत एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने 'अतिशयोक्ती' असं लिहिलंय. त्याखाली निळ्या शाईत, दुसऱ्या अक्षरात: 'माझ्या आजीला विचारा.' पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी दंड लावते, पण हे दोन्ही खोडायला माझा हात धजावला नाही. ती प्रत मागितलीत तर मिळेल. मुदत पंधरा दिवसांची आहे. वही भरायला वेळ लागला तर आणखी पंधरा वाढवून देईन, फक्त आधी फोन करा.